सर्वाधिक अभिक्रियाशील कोण, लिथियम की सिझियम? एका वर्गातील प्रश्नाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण उच्च माध्यमिक स्तरावरील रसायनशास्त्राच्या एका वर्गात घडले. संस्था आणि विद्यार्थी यांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. वर्गाला शिकवणारी मीच होते, त्यामुळे पुढे ज्या निर्णयांची चर्चा केली आहे ते बहुतांशी माझे आहेत आणि त्यांतील चुकाही माझ्याच आहेत.

या विद्यार्थ्यांना आवर्तसारणीतील पहिला गण, म्हणजे लिथियमपासून सिझियमपर्यंतचे अल्कली धातू, मी आधीच्या वर्षी शिकवला होता, आणि तो सर्वत्र शिकवला जातो तसाच शिकवला होता. गणात वरून खाली जाताना इलेक्ट्रॉनांची कवचे वाढतात, अणू मोठा होतो, बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो आणि आतील कवचांमुळे केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत कमी पोहोचते. परिणामी पहिली आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून हा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, लिथियमसाठी प्रति मोल ५२० किलोज्यूल, सोडियमसाठी ४९६, पोटॅशियमसाठी ४१९, रुबिडियमसाठी ४०३ आणि सिझियमसाठी ३७६ अशी उतरत जाते. इलेक्ट्रॉन देणे सोपे होत गेल्यामुळे धातू अधिकाधिक अभिक्रियाशील होतो, असा निष्कर्ष आम्ही काढला. त्यानंतर लिथियम आणि सोडियम यांचे लहान तुकडे पाण्यात टाकून दाखवले, पोटॅशियमपासून पुढच्या धातूंचे चित्रीकरण दाखवले, आणि ‘गणात खाली जाताना धातूंची अभिक्रियाशीलता वाढते’ हे वाक्य सर्वांनी वहीत लिहून घेतले. त्या वाक्यात ‘कशाबरोबर’ आणि ‘कोणत्या परिस्थितीत’ हे शब्द नव्हते. ते नसल्याचे त्या दिवशी मला जाणवलेही नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

पुढच्या वर्षी विद्युतरसायन शिकवताना प्रमाण इलेक्ट्रोड विभवांचे कोष्टक समोर आले. विभव जितका अधिक ऋण, तितका तो धातू पाण्यातील द्रावणात इलेक्ट्रॉन द्यायला अधिक तयार, असा त्याचा अर्थ. एका विद्यार्थिनीने बॅटरीत लिथियमच का वापरतात याबद्दल काही वाचले होते, म्हणून तिने ते कोष्टक बारकाईने पाहिले आणि विचारले, “मॅडम, लिथियमचा विभव सगळ्यांत ऋण आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायला तोच सगळ्यांत तयार आहे. मग गेल्या वर्षी आपण सिझियम सर्वांत अभिक्रियाशील का म्हटलं?”

आकडे तिच्या बाजूने होते. लिथियमचा विभव उणे ३.०४ व्होल्ट, सोडियमचा उणे २.७१, पोटॅशियमचा उणे २.९३, रुबिडियमचा उणे २.९८ आणि सिझियमचा उणे ३.०३ आहे. तास संपायला थोडाच वेळ उरला होता. लिथियमचा अणू फार लहान असल्यामुळे तो अपवाद आहे, आणि परीक्षेत त्याचा उल्लेख अपवाद म्हणूनच करावा, असे उत्तर मी दिले. हा या प्रकरणातील पहिला निर्णय होता आणि तो घाईत घेतलेला होता.

ते उत्तर पूर्णपणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक घातक ठरले. यादीतून लिथियम बाजूला काढला तर सोडियमपासून सिझियमपर्यंत विभव खरोखरच क्रमाने अधिकाधिक ऋण होत जातो, त्यामुळे यादीचे वर्णन म्हणून ‘अपवाद’ हा शब्द बसतो. मात्र लिथियम आणि सिझियम यांच्या विभवांत केवळ ०.०१ व्होल्टचे अंतर आहे, हे त्या शब्दाखाली झाकले गेले. हे दोन धातू पाण्याशी भेटतात तेव्हा एक शांतपणे फसफसतो आणि दुसरा स्फोटासारखा फुटतो. विभवावरून पाण्यातील उग्रता ठरत असती, तर ही दोन दृश्ये जवळपास सारखी दिसायला हवी होती. खरे कोडे हे होते, आणि लिथियमला अपवाद म्हटल्याने त्याला हातही लागत नव्हता.

योहान डोबरायनर यांनी १८२९ मध्ये मांडलेली त्रिके, म्हणजे सारख्या गुणांच्या तीन-तीन मूलद्रव्यांचे गट, वर्गाला ठाऊक होती. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम या त्रिकातील मधल्या मूलद्रव्याचे अणुवस्तुमान बाजूच्या दोघांच्या सरासरीएवढे, म्हणजे ७ आणि ३९ यांच्या मधोमध २३ येते. मधले मूलद्रव्य गुणांनीही मधलेच असावे ही अपेक्षा विद्यार्थ्यांच्या मनात त्या धड्यापासून रुजलेली होती. विभवाच्या यादीत मात्र सोडियम मधला नसून सर्वांत कमी ऋण आहे. ही विसंगती दुसऱ्या एका विद्यार्थ्याने दाखवली होती आणि तिच्याकडेही मी त्या दिवशी लक्ष दिले नाही.

घटक चाचणीत काय दिसले

चाचणीत मी प्रश्न विचारला, ‘अल्कली धातूंपैकी सर्वाधिक अभिक्रियाशील धातू कोणता? कारण द्या.’ उत्तरे तीन प्रकारची आली. काहींनी सिझियम लिहून कमी आयनीभवन ऊर्जेचे कारण दिले. काहींनी लिथियम लिहून विभवाचा दाखला दिला. काहींनी ‘सिझियम, कारण त्याचा विभव सर्वांत ऋण आहे’ असे लिहिले. या उत्तरातील नाव अपेक्षित होते, पण कारण कोष्टकाच्याच विरोधात जाणारे होते.

मला खरी काळजी हॅलोजनच्या प्रश्नाने लावली. सतराव्या गणात, म्हणजे हॅलोजनांत, अभिक्रियाशीलता वरून खाली कमी होत जाते, फ्लोरिन सर्वांत अभिक्रियाशील असतो. पहिल्या गणाचे वाक्य जसेच्या तसे उचलून काही विद्यार्थ्यांनी आयोडीनला पहिला क्रमांक दिला होता, आणि त्यांतील दोघांनी पुढे लिहिले होते की फ्लोरिन लहान असल्यामुळे अपवाद आहे. मी घाईत उच्चारलेला शब्द आता कुठेही चालणारी किल्ली झाला होता, आणि कल जुळला नाही की वरच्या मूलद्रव्याला अपवाद ठरवून मोकळे व्हायचे, एवढेच त्यातून विद्यार्थी शिकले होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता. अभ्यासक्रमाला अपेक्षित उत्तर सिझियम आहे, त्यामुळे त्यालाच गुण द्यायचे, लिथियमचे उत्तर चुकीचे ठरवायचे आणि पुढे जायचे. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा कल याच बाजूला होता. परीक्षक ‘अभिक्रियाशील’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतात तो अर्थ विद्यार्थ्याला निःसंदिग्धपणे माहीत असावा, नाहीतर जाणणारा विद्यार्थीच गुण गमावून बसेल, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे मला आजही बिनबुडाचे वाटत नाही.

पुस्तकातील एका ओळीचे स्पष्टीकरण देणे हा दुसरा पर्याय होता. लिथियमचा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, लहान असल्यामुळे त्याच्याभोवती पाण्याचे रेणू घट्ट गोळा होतात, त्यातून पुष्कळ ऊर्जा बाहेर पडते, आणि म्हणून त्याचा विभव सर्वांत ऋण असतो. ही ओळ बरोबर आहे, परंतु ती प्रश्नाच्या अर्ध्याच भागाचे उत्तर देते. पाण्यामुळे लिथियमला इतकी ऊर्जा मिळत असेल, तर त्याच पाण्यात तो सर्वांत संथ का, हा प्रश्न त्या ओळीने अधिकच बोचरा होतो.

तिसरा पर्याय विद्यार्थ्यांकडूनच आला. समान मोल लिथियम आणि सोडियम पाण्यात टाकून तापमान किती वाढते ते मोजावे, म्हणजे कोणाची अभिक्रिया ‘मोठी’ हे कळेल, असे त्यांनी सुचवले. ‘अभिक्रियाशीलता’ हा शब्दच उलगडून त्यात दडलेले वेगवेगळे प्रश्न सुटे करणे, आणि दोन्ही गणांची आकडेवारी त्या प्रश्नांच्या आधारे पुन्हा मांडणे, हा चौथा पर्याय होता. त्याला तास जास्त लागणार होते आणि तेवढे तास इतर घटकांतून काढावे लागणार होते. मी चौथा पर्याय निवडला आणि तिसरा जेवढा झेपेल तेवढा त्यात सामावून घेतला.

गुणांचा निर्णय

उजळणीच्या आधी गुणांचा प्रश्न मिटवणे आवश्यक होते, कारण उत्तरपत्रिका विद्यार्थ्यांच्या हाती जाणार होत्या. प्रश्न संदिग्ध होता आणि त्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजू नये, असे मी ठरवले. उत्तर सिझियम असो वा लिथियम, कारण त्या उत्तराशी सुसंगत असेल तर पूर्ण गुण दिले. सिझियम लिहून त्याला विभवाचे कारण जोडणाऱ्यांना कारणाचे गुण दिले नाहीत. सहकाऱ्यांच्या आक्षेपाला मान देऊन, परीक्षेत हा शब्द कोणत्या अर्थाने येतो हे वर्गात स्वतंत्रपणे सांगण्याचेही ठरले.

ऊर्जेचा हिशेब

पहिल्या तासाला आम्ही एकच प्रश्न हाती घेतला. धातूच्या घन तुकड्यापासून पाण्यातील आयनापर्यंत पोहोचायला एकूण किती ऊर्जा लागते? हा प्रवास तीन टप्प्यांत मांडता येतो. घन धातूतून सुटे अणू वेगळे करायला ऊर्जा द्यावी लागते. त्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायलाही ऊर्जा द्यावी लागते. तयार झालेल्या आयनाभोवती पाण्याचे रेणू जमतात तेव्हा मात्र ऊर्जा परत मिळते, तिला जलयोजन ऊर्जा म्हणतात. आदल्या वर्षी आम्ही केवळ मधला टप्पा पाहून संपूर्ण प्रवासाचा निष्कर्ष काढला होता.

आकडे पुस्तकागणिक थोडे वेगळे दिसतात, म्हणून एकाच कोष्टकातील आकडे वापरण्याची शिस्त आम्ही पाळली. प्रति मोल किलोज्यूलमध्ये लिथियमला अणू सुटे करण्यासाठी १५९ आणि आयनीभवनासाठी ५२० लागतात, आणि जलयोजनातून ५१९ परत मिळतात. निव्वळ देणे १६० उरते. सोडियमसाठी १०७ अधिक ४९६, त्यातून ४०६ वजा केले की १९७ उरतात. पोटॅशियमसाठी ८९ अधिक ४१९ वजा ३२२, म्हणजे १८६. सिझियमसाठी ७६ अधिक ३७६ वजा २६४, म्हणजे १८८.

हे चार आकडे फळ्यावर एकाखाली एक आले तेव्हा वर्गात चर्चा आपोआप सुरू झाली. पहिले दोन टप्पे लिथियमच्या विरोधात जातात, कारण त्याचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि इलेक्ट्रॉनही घट्ट धरलेला असतो. तिसरा टप्पा मात्र ही तूट भरून काढून वर त्याला पुढे नेतो. सोडियम दोन्हीकडून अडचणीत सापडतो. पोटॅशियमइतका इलेक्ट्रॉन सहज देणे त्याला जमत नाही, आणि लिथियमइतकी जलयोजन ऊर्जाही त्याच्या वाट्याला येत नाही. विभवाच्या यादीत सोडियम तळाशी का, याचे उत्तर इथे मिळाले. लहान आकार हे एकच कारण लिथियमचे नुकसानही करते आणि फायदाही, म्हणून कोणता परिणाम भारी पडतो हे बेरीज केल्याशिवाय सांगता येत नाही, हा मुद्दा विद्यार्थ्यांनी स्वतः शब्दांत मांडला.

मोजणीची योजना आणि ती का सोडली

तापमान मोजण्याची सूचना करणाऱ्या गटाला मी प्रयोगाआधी कागदावर हिशेब करायला सांगितले. पाण्याबरोबरच्या अभिक्रियेत प्रति मोल धातूमागे लिथियमपासून सुमारे २२३ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, सोडियमपासून १८४, पोटॅशियमपासून १९७, रुबिडियमपासून १९५ आणि सिझियमपासून २०२. गटाने प्रत्येकी ०.०१ मोल, म्हणजे लिथियमचे ०.०७ ग्रॅम आणि सोडियमचे ०.२३ ग्रॅम घेण्याचे ठरवले होते. २०० मिलिलिटर पाण्यात तापमानवाढ अनुक्रमे सुमारे २.७ आणि २.२ अंश सेल्सिअस येते. आमच्या तापमापीवर एकेका अंशाच्या खुणा होत्या, आणि शोधायचा फरक अर्ध्या अंशाचा होता. शिवाय सोडियम पृष्ठभागावर पळत राहतो, निसटणाऱ्या हायड्रोजनबरोबर वाफ आणि उष्णताही जाते, आणि हे नुकसान दोन्ही धातूंसाठी सारखे नसते.

पाणी कमी केले तर फरक वाढेल, असे एकाने सुचवले. ते खरे आहे, पण थोड्या पाण्यात सोडियमची उष्णता पसरायला जागा कमी मिळते आणि हायड्रोजन पेट घेण्याचा धोका वाढतो. मी परवानगी नाकारली. मोजणी सोडून दिल्याची विद्यार्थ्यांना खंत वाटली, पण उपकरणाच्या मर्यादेत न बसणारा प्रयोग आधीच ओळखता येणे मला मोलाचे वाटते, आणि ते काम त्यांनी स्वतः केले होते.

कागदावरच्या आकड्यांनीही पुष्कळ काही सांगितले. सर्वाधिक उष्णता लिथियम देतो आणि सर्वांत कमी सोडियम देतो. प्रति ग्रॅम पाहिले तर लिथियमचे ३२ किलोज्यूल आणि सिझियमचे केवळ दीड किलोज्यूल येतात. पाण्यात जो सर्वांत उग्र दिसतो तो दर ग्रॅमला सर्वांत कमी उष्णता देतो, या आकड्यापाशी वर्ग बराच वेळ थांबला. उग्रता उष्णतेच्या एकूण मापात नसून ती किती वेळात बाहेर पडते यात आहे, हे यानंतर वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

वेगाचा प्रश्न

तिसऱ्या तासाला प्रात्यक्षिक केले. समान मोल घेतले तर तुकड्यांचे आकारमान आणि पृष्ठफळ वेगळे होते, म्हणून वेगाची तुलना करताना समान आकाराचे, साधारण ३ मिलिमीटर बाजूचे तुकडे घ्यावेत, ही सुधारणा एका विद्यार्थ्याने सुचवली आणि ती आम्ही स्वीकारली. मोठे पसरट काचेचे पात्र, समोर पारदर्शक आडोसा, सर्वांच्या डोळ्यांवर चष्मे आणि पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन या अल्कधर्मी द्रावणात गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे काही थेंब, एवढी मांडणी होती. तुकडे काढतानाच पहिले निरीक्षण झाले. सोडियम तेलात बुडून होता, पण ०.५३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर घनतेचा लिथियम तेलावरही तरंगतो, त्यामुळे त्याला हवेपासून वाचवायला वेगळी काळजी घ्यावी लागते.

लिथियमचा तुकडा आपला आकार टिकवून फसफसत राहिला. सोडियमचा तुकडा क्षणात वितळून गोळी बनला, पाण्यावर धावला आणि लिथियम अजून फसफसत असतानाच संपून गेला. गुलाबी रंग दोन्हींच्या मागे उमटला. त्यानंतर वितळणबिंदूंचे कोष्टक उघडले. लिथियम १८०.५ अंश सेल्सिअसला वितळतो, सोडियम ९७.८, पोटॅशियम ६३.५, रुबिडियम ३९.३ आणि सिझियम २८.४ अंशांना. अभिक्रियेच्या उष्णतेने सोडियम आणि त्याखालचे धातू वितळतात आणि द्रव थेंबाचा ताजा पृष्ठभाग सतत पाण्याला भिडत राहतो. लिथियम घनच राहतो. त्यातच लिथियम हायड्रॉक्साइड हे सोडियम हायड्रॉक्साइडच्या मानाने पाण्यात बरेच कमी विरघळते, त्यामुळे पृष्ठभाग मोकळा होण्यालाही वेळ लागतो. पहिला इलेक्ट्रॉन सुटण्यातली अडचण लिथियमसाठी सर्वांत मोठी आहे, आणि जलयोजनाची भरपाई मिळते ती नंतर. शेवटी होणारा फायदा सुरुवातीची चढण कमी करत नाही, हे वाक्य मी फळ्यावर लिहिले. संपूर्ण उजळणीत जपून ठेवावे असे मला वाटलेले वाक्य तेच होते.

या ठिकाणी आणखी एक निर्णय घ्यावा लागला. सोडियमचा तुकडा पाण्यावर तरंगणाऱ्या गाळणकागदावर ठेवला तर तो पळू शकत नाही, उष्णता एकाच जागी साठते आणि पिवळी ज्योत पेटते. तो प्रयोग प्रत्यक्ष करावा असा आग्रह झाला. तोच धातू आणि तेच पाणी असताना केवळ जागा बदलल्याने उग्रता बदलते, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण नाही. तरीही वितळलेला सोडियम उडण्याची शक्यता आणि वर्गातील गर्दी पाहता मी चित्रीकरणावरच भागवले. हाच निर्णय मी पुन्हाही घेईन.

पाव्हेल युंगव्हिर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचाही उल्लेख केला. सोडियम आणि पोटॅशियम यांच्या द्रव मिश्रधातूचा थेंब पाण्यात पडताना त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने पाण्यात जातात की मागे राहिलेले धन आयन एकमेकांना ढकलतात आणि थेंबातून धातूचे काटे फुटून पाण्यात घुसतात, असे त्यात दिसून आले. स्फोटाला केवळ पेटलेला हायड्रोजन आणि वाफ कारणीभूत असते असे मीही अनेक वर्षे शिकवत आले होते. ती दुरुस्ती वर्गासमोर करणे मला आवश्यक वाटले.

हॅलोजनवर कसोटी

शिकलेले एखाद्या वेगळ्या गणात वापरता येते का, हे पाहण्यासाठी हॅलोजन निवडले. येथे एक सापळा आधीपासूनच होता. इलेक्ट्रॉन स्वीकारताना क्लोरिनचा अणू प्रति मोल ३४९ किलोज्यूल ऊर्जा देतो, तर फ्लोरिनचा ३२८ देतो. या एकाच आकड्यावर थांबणारा विद्यार्थी क्लोरिनला फ्लोरिनपेक्षा प्रबळ ऑक्सिडीकारक (इलेक्ट्रॉन ओढून घेणारा) ठरवील, आणि पहिल्या गणात आम्ही केलेली चूक नेमकी तीच होती. गटांनी हिशेब मांडला. रेणूतून अणू सुटा करायला फ्लोरिनला ७९ आणि क्लोरिनला १२१ लागतात, कारण फ्लोरिनच्या रेणूतील बंध दुबळा असतो. ऋण आयनाच्या जलयोजनातून फ्लोरिनला ५१५ आणि क्लोरिनला ३८१ मिळतात. एकूण फायदा फ्लोरिनसाठी ७६४, क्लोरिनसाठी ६०९ येतो, आणि याच रीतीने ब्रोमिनसाठी ५६० व आयोडीनसाठी ४९३ येतो. विभव अनुक्रमे २.८७, १.३६, १.०७ आणि ०.५४ व्होल्ट असून क्रम तंतोतंत जुळतो. येथे वरच्या मूलद्रव्याला अपवाद म्हणण्याची गरज कोणालाच भासली नाही.

आवर्तसारणीतील क्रमांक दोनच्या गणाकडे आम्ही ओझरते पाहिले. मॅग्नेशियमचा विभव उणे २.३७, कॅल्शियमचा उणे २.८७ आणि बेरियमचा उणे २.९१ व्होल्ट आहे, आणि पाण्यातही हे धातू याच क्रमाने अधिक जोमाने वागतात. तेथे दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेने जातात.

निष्पत्ती

पुढच्या चाचणीत प्रश्नाचे दोन भाग केले. ‘थंड पाण्याबरोबर सर्वांत वेगाने अभिक्रिया करणारा अल्कली धातू कोणता?’ आणि ‘जलीय द्रावणात सर्वांत प्रबळ क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारा) कोणता?’ बहुतेकांनी सिझियम आणि लिथियम ही उत्तरे योग्य कारणांसह वेगवेगळी दिली. हॅलोजनच्या प्रश्नात ‘अपवाद’ हा शब्द कोणीही वापरला नाही.

सर्व काही सुरळीत झाले असे मात्र नाही. काही विद्यार्थी साध्या एका वाक्याच्या प्रश्नालाही ऊर्जेचा संपूर्ण हिशेब लिहू लागले आणि त्यांचा वेळ पुरला नाही. सहकाऱ्यांनी दिलेला इशारा येथे खरा ठरला. एका विद्यार्थ्याने अभिक्रियाशीलता या शब्दाला काही अर्थच नाही असे लिहिले. त्याला मी वेगळे बसवून समजावले की संदर्भ सांगितला की हा शब्द पूर्ण उपयोगी आहे, आणि आयनीभवन ऊर्जेचा कल खोटा ठरलेला नाही.

मूळ प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी आणखी एक विसंगती घेऊन आली. आमच्या बेरजेत पोटॅशियम १८६ आणि सिझियम १८८ येतो, म्हणजे पोटॅशियम किंचित पुढे असायला हवा, पण विभवात सिझियम पुढे आहे. तिचे निरीक्षण बरोबर होते. एवढासा फरक कोष्टकातील आकड्यांच्या अनिश्चिततेत सहज बुडतो, आणि विभव केवळ उष्णतेवर नव्हे तर एन्ट्रॉपीवरही, म्हणजे अव्यवस्थेच्या मापावरही, अवलंबून असतो. मोठ्या सिझियम आयनाभोवती पाण्याच्या रेणूंची शिस्त सैल असल्यामुळे एन्ट्रॉपीही त्याच्या बाजूने थोडा हातभार लावते. या वेळी तिला उत्तर द्यायला मी दुसऱ्या दिवसापर्यंतचा वेळ मागून घेतला.

वेगळे काय करता आले असते

पहिली दुरुस्ती पहिल्याच वर्षी व्हायला हवी होती. ‘थंड पाण्याबरोबर होणाऱ्या अभिक्रियेचा वेग पहिल्या गणात वरून खाली वाढतो’ असे वाक्य लिहिले असते, तर पुढच्या वर्षी विभवांचे कोष्टक त्याला विरोध करणारे वाटलेच नसते. त्याच तासाला नायट्रोजनचे उदाहरण द्यायला हवे होते. अल्कली धातूंपैकी केवळ लिथियमच साध्या तापमानाला नायट्रोजनशी संयोग पावून नायट्राइड बनवतो, म्हणून त्याला नायट्रोजन वायूखाली साठवत नाहीत, आर्गॉन वापरतात. सोडियम आणि त्याखालचे धातू नायट्रोजनला दाद देत नाहीत. समोरचा पदार्थ बदलला की संथ लिथियम पुढे येतो, हे यातून एका मिनिटात आणि कोणत्याही आकड्याशिवाय कळते. ज्वलनाचेही तसेच आहे. हवेत जळताना लिथियमपासून मुख्यतः साधे ऑक्साइड, सोडियमपासून पेरॉक्साइड आणि पोटॅशियमपासून सुपरऑक्साइड बनते. उत्पादनच बदलत असेल तर एकाच मोजपट्टीने क्रम लावताना अधिक जपून बोलायला हवे.

दुसरी गोष्ट क्रमाची. दुसरा गण मी शेवटी घाईत घेतला. तेथे वेग आणि विभव एकमेकांशी जुळतात, त्यामुळे तो आधी घेऊन मग पहिल्या गणातील ताटातूट दाखवली असती, तर हे दोन प्रश्न मुळात वेगळे आहेत हे कमी वेळात पोहोचले असते आणि बहुधा एक तास वाचला असता.

तिसरी गोष्ट त्या पहिल्या उत्तराची. त्या क्षणी वेळ नव्हता हे खरे, पण प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवून ‘याचे उत्तर पुढच्या तासाला’ एवढे म्हणायला वेळ लागला नसता. सोडियम मधला असूनही यादीत तळाशी का, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्नही तेव्हाच त्या शेजारी लिहिता आला असता, कारण दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच बेरजेत होते.

गुणांबाबत मी आजही पूर्ण निश्चिंत नाही. सिझियम लिहून विभवाचे कारण देणाऱ्या विद्यार्थ्यांना कारणाचे गुण नाकारताना मी फक्त खूण केली आणि कोष्टकातील दोन आकडे शेजारी लिहिले नाहीत. त्यांपैकी एकाने पुढच्या चाचणीतही हीच चूक पुन्हा केली. त्याच्या उत्तरपत्रिकेवर मी उणे ३.०४ आणि उणे ३.०३ हे दोन आकडे तेव्हा लिहिले.